दिवाळीपासून अर्धा तास

रेल्वेच्या महिला संघातून मी नऊ वर्षं कबड्डी खेळले. डावा कोपरा सांभाळला आणि त्याच खेळाचा पगार खाल्ला. मागच्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशीत, गुडघ्यानं संप पुकारला तेव्हा साहेबांनी मला नागपुरातल्या अजनीच्या ऑफिसात खुर्ची दिली. तेव्हापासून सत्काराची बोलावणी फार येतात. शाळेत गेलं की हार, नारळ, आणि मग मुख्याध्यापक म्हणतात, "कोकिळाताई, आमच्या मुलींना यशाचं रहस्य सांगा." मी जिद्द, मेहनत आणि वेळेचं नियोजन असे तीन शब्द सांगते. मुली ते वहीत लिहून घेतात.

त्यापैकी वेळेचं नियोजन हे अगदी खरं आहे. फक्त ते कसं केलं, हे मी स्टेजवर सांगत नाही.

आमचं घर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत. माझे वडील अण्णाजी आठ एकर शेती करायचे, माय रुख्माबाई घर आणि दोन म्हशी बघायची, आणि या सगळ्यांवर माझी आत्या शकुबाई. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि आल्या आठवड्यात किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला लागला. मी एकटीच लेक. एकोणऐंशी साली मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला.

वडिलांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक त्यांची पांढरी बैलजोडी आणि दुसरं भिंतीवरचं टोल्याचं घड्याळ. ते त्यांनी नागपूरहून मांडीवर घेऊन आणलं होतं. दर रविवारी आंघोळ करून, ओल्या अंगानंच, ते त्याला चावी द्यायचे. आमच्या गल्लीत दुसरं भिंतीवरचं घड्याळ नव्हतं. जो तो ओसरीवरून ओरडायचा, "अण्णाजी, किती वाजले?" आणि वडील आतून, कोर्टात निकाल द्यावा तसे, सांगायचे. "सात वाजून बारा मिनिटं." बारा म्हणजे बारा. दहा नाही आणि पंधरा नाही.

एकदा शेजारचे बंडूजी म्हणाले, "अण्णाजी, शेतकऱ्यानं सूर्याकडं पाहावं, घड्याळाकडं काय पाहाता?"

वडील म्हणाले, "सूर्य हिवाळ्यात लवकर जाते, उन्हाळ्यात उशिरा जाते. त्याचा काय भरोसा? घड्याळ बाराही महिने सारखं चालते."

त्या घड्याळाशी माझा एक नियम बांधलेला होता. संध्याकाळी सहाचे टोले पडायच्या आत कोकिळा घरात. सहावा टोला पडताना माझा पाय उंबऱ्याच्या बाहेर दिसला, तर दुसऱ्या दिवसापासून खेळ बंद. खेळायला परवानगी होती, पण ती एवढीच. खो-खो समजून दिली होती, हेही सांगून टाकते. कबड्डीत अंगाशी झोंबाझोंबी असते म्हणून ती मुलींनी खेळू नये, असं आत्याचं मत होतं, आणि आत्याचं मत म्हणजे घराचं मत.

आमचा सराव गावाच्या दुसऱ्या टोकाला. पुंडलिकराव सर, शाळेतले पीटीचे मास्तर, स्वतःच्या हौसेनं आम्हा मुलींना शिकवायचे. पाच ते सव्वासहा. मला पावणेसहाच्या आधीच पळावं लागायचं. पहिली चाळीस मिनिटं धावणं आणि उठाबशा. खरा सामना सुरू व्हायचा आणि मी चपला शोधत असायची. एक दिवस सर वैतागले.

"कोकिळे, तू रोज मेहनत करते अन् खेळ सुरू झाला की पळते. अशी अर्धी कबड्डी शिकून काय करशील?"

"सर, घरी सहाला पोचावं लागते."

"अर्धा तास वाढवून माग वडिलांना."

वडिलांना अर्धा तास मागणं म्हणजे बैलजोडीतला एक बैल मागण्यासारखं होतं. मी मागितला नाही. मी घेतला.

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढलं, तेव्हा घड्याळ पुसायचं काम माझ्याकडे आलं. स्टुलावर चढून मी काच उघडली आणि लंबक बोटानं धरून ठेवला. मनात तीनशे आकडे मोजले आणि सोडून दिला. घड्याळ पुन्हा चालू. काटा मागे फिरवला असता तर टोले बिघडले असते. लंबक धरला तर काहीच बिघडत नाही, नुसती पाच मिनिटं जगातून कमी होतात. पुढच्या आठवड्यात आणखी पाच. जाळी काढायच्या निमित्तानं आणखी पाच. डिसेंबर लागता लागता आमचं घर आर्वीच्या मागे अर्धा तास चालू लागलं. रेडिओची अडचण होती. त्यातले सेल काढून मी जुने मेलेले सेल घातले, आणि वडिलांनी दोन थापडा मारून त्याला कपाटावर ठेवून दिलं.

खरी मदत हिवाळ्यानं केली. सहाच्या सुमारास अंधारतं, तेव्हा आमच्या घड्याळात साडेपाच. वडील ओसरीवर उभे राहून आकाशाकडे बघायचे आणि म्हणायचे, "यंदा दिवस जास्तच लहान झाला." मग आत जाऊन घड्याळ बघायचे, आणि त्यांचं समाधान व्हायचं. हेच मी उन्हाळ्यात केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात पकडले गेले असते. लोक म्हणतात, संधी साधली. मी कसली साधली? मला तर दिवस लहान होतात हेही तेव्हा आठवलं नव्हतं.

पण गल्लीचं काय, हा विचारही मी केला नव्हता. अख्खी गल्ली आमच्या घड्याळावर चालायची. बंडूजींची पुलगावची गाडी दोनदा चुकली. दोन्ही वेळा ते आमच्या ओसरीवर येऊन दम टाकत बसले. "अण्णाजी, तुम्हाले विचारूनच निघालो ना मी?"

"हो. साडेआठ वाजले होते."

"मंग गाडी कशी गेली?"

"तुम्ही रस्त्यात बोलत बसले असान कोणाशी," वडील म्हणाले. बंडूजींना तशी सवय होतीच, त्यामुळे त्यांनाही ते पटलं.

कौशल्याबाईंची गोष्ट याहून वाईट. त्या समोरच्या घरात राहायच्या आणि दर महिन्याला संकष्टी धरायच्या. कॅलेंडरात चंद्रोदय आठ पन्नासचा. डिसेंबरच्या संकष्टीला अण्णाजींच्या घड्याळात आठ वीस झाले आणि चंद्र वर! कौशल्याबाई घाबऱ्या होऊन आल्या. "अण्णाजी, चंद्र तर निंघाला. आता उपास सोडू का नको?"

वडिलांनी एकदा चंद्राकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. "आठ पन्नासले सोडा," ते म्हणाले. बिचारी बाई पूजेचं ताट घेऊन अर्धा तास चंद्रासमोर उपाशी बसली. मी खिडकीतून बघत होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सव्वासहापर्यंत मैदानावर होते, हेही खरं.

त्या अर्ध्या तासानं मला कोपरा शिकवला. कोपऱ्यातली खेळाडू चढाई करणारीच्या पायांकडे बघते. चेहऱ्याकडे बघायचं नाही, चेहरा फसवतो. पाय थोडा लांबला की घोटा धरायचा. सर सांगायचे, मी पडायची, गुडघे सोलायचे, आणि घरी सांगायची की खो-खोत खांबाला धडकले.

जानेवारीत सरांनी वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं. रेल्वे महिलांचा नवा संघ बांधत होती आणि विदर्भातल्या मुलींची निवड चाचणी वर्ध्याला होती. सोमवारी सकाळी साडेदहाला. सर आणि त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई मला आठच्या गाडीनं घेऊन जाणार होते. फॉर्मवर पालकांची सही हवी होती.

"ती मागून देईन," मी म्हटलं.

सरांनी कात्रण घडी करून खिशात ठेवलं. "बरं. आधी निवड तर होऊ दे."

आता नशीब बघा. त्याच सोमवारी वडील जामला जाणार होते, माझंच लग्न ठरवायला. जामला हायवेच्या चौकात मधुकररावांचं हॉटेल होतं, आणि त्यांचा मुलगा आत्यानं माझ्यासाठी हेरला होता. वडील सकाळी सातच्या गाडीनं वर्ध्याला आणि तिथून नवाच्या गाडीनं जामला जाणार, नारळ देऊन संध्याकाळी परत येणार. म्हणजे दिवसभर ते घरी नाहीत! यापेक्षा सोयीचं काही असू शकत नव्हतं. फक्त एकच गोष्ट राहिली होती. आमच्या घड्याळाप्रमाणे निघाले असते तर त्यांची सातची गाडी चुकली असती आणि ते नेमके माझ्याच गाडीत, माझ्याच शेजारी येऊन बसले असते.

म्हणून रविवारी दुपारी, वडील ओसरीवर बंडूजींशी बोलत असताना, मी स्टुलावर चढले आणि मोठा काटा अर्धा तास पुढे नेला. मध्ये घड्याळानं टोला दिला. तो ऐकू जाऊ नये म्हणून मी जोरजोरात खोकले.

संध्याकाळी दिवा लावताना माय खोकली. जेवणं झाल्यावर, वडील म्हशींकडे गेले होते तेव्हा, आत्या खोकली.

"सगळ्याइले एकदमच खोकला झाला का?" वडील म्हणाले आणि त्यांनी मायला आलं घालून काढा करायला लावला. तिघींनाही वाटी वाटी प्यावा लागला. झोपायला जाताना ते घड्याळाकडे बघून पुटपुटले, "आज दिवस कसा भरभर गेला."

सकाळी ते पाचच्या टोल्यांना उठले, आंघोळ केली, पांढरी टोपी घातली आणि नारळाची पिशवी घेऊन निघाले. बाहेर काळाकुट्ट अंधार होता. मला वाटलं, थंडीमुळे असेल. ते गेल्यावर मी मायला म्हटलं, "मी मैत्रिणीकडं जाऊन राह्यली, संध्याकाळी येते." तिनं फडक्यात बांधलेल्या भाकरी माझ्या हातात दिल्या. उघडून बघितल्या तर सहा भाकरी. मैत्रिणीकडे एक दिवस जायला सहा भाकरी कशाला लागतात, हे मी तिला विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

पुढचा भाग मला वडिलांनी पुष्कळ वर्षांनी सांगितला. ते स्टँडवर पोचले तेव्हा तिथल्या घड्याळात साडेपाच वाजले होते. हे घड्याळ मागे आहे, असं त्यांनी ठरवलं. वर्ध्याची गाडी उभी होती. कंडक्टरला विचारलं, "वर्धेले जाते ना?" तो म्हणाला, "बसा काका." वडील बसले. ती सहाची गाडी होती. पावणेआठला ते वर्ध्याला उतरले, जामच्या गाडीला वेळ होता म्हणून बाकावर टेकले, आणि पहाटे एक तास आधी उठलेला माणूस तिथं बसल्या बसल्या झोपी गेला. डोळे उघडले तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. नवाची गाडी गेली होती. पुढची गाडी एक वाजता होती.

उभ्या आयुष्यात कशालाही उशीर न झालेला माणूस तो. बाकावर बसवेना. नारळाची पिशवी घेऊन ते पाय मोकळे करायला निघाले आणि स्टँडजवळच्या मैदानावर गर्दी दिसली म्हणून बघायला थांबले.

मी तेव्हा मैदानात होते, हाफपँट घालून.

चाचणीचा सामना अर्धा झाला होता आणि मी अजून कोणाला शिवलेदेखील नव्हते. चढाई करणाऱ्या मुली सगळ्या उजव्या बाजूनं खेळत होत्या. माझ्या कोपऱ्याकडे कोणी फिरकत नव्हतं. निवड समितीचे साहेब टेबलामागे बसून वहीत लिहीत होते, आणि मला दिसत होतं की माझ्या नावापुढे काहीच लिहिलेलं नाही. जिद्द होती, मेहनत होती, पण समोर कोणी आलंच नाही तर कोपऱ्यानं करायचं काय?

तेवढ्यात चंद्रपूरची एक उंच मुलगी चढाईला आली. कबड्डी, कबड्डी म्हणत ती मध्यरेषा ओलांडून आत शिरली आणि तिच्या खांद्यावरून मला मैदानाच्या कडेला एक पांढरी टोपी दिसली. टोपीखाली वडील.

मी पुष्कळ सामने खेळले, पण अशी भीती मला कधी वाटली नाही. माझ्या डोक्यात कबड्डी नव्हतीच. लपायचं कुठं, एवढंच होतं. मैदानात लपायला काय असतं? मी पटकन खाली बसले, मान घालून, तोंड झाकायला दोन्ही हात पुढे केले. चंद्रपूरच्या मुलीनं नेमकी त्याच क्षणी मागे लाथ टाकली. तिचा घोटा सरळ माझ्या दोन हातांत आला. मी तो घट्ट धरला, कारण काहीतरी धरायला हवं होतं. मागून बाकीच्या मुली येऊन पडल्या आणि ती बाद.

"वा!" टेबलामागचे साहेब उभे राहिले. "काय टायमिंग आहे पोरीचं!"

वडील अजून तिथंच होते. दुसरी चढाई आली, मी पुन्हा खाली बसले. दुसरा घोटा. या वेळी थोडा मी धरला, थोडा आला. तिसऱ्या वेळी मी वर बघितलं. वडील माझ्याकडेच बघत होते. आमची नजरानजर झाली. ते हलले नाहीत, रागावलेही दिसले नाहीत. एखादा नवा बैल पहिल्यांदा नांगराला जुंपल्यावर ते जसे बघत, तसे बघत होते. मग मात्र मी लपले नाही. लपून काय उपयोग होता? तिसरी पकड मी डोळे उघडे ठेवून केली, सरांनी शिकवली तशी. ती एकच माझी म्हणता येईल.

सामना संपला. मी कपडे बदलून आले तेव्हा वडील गेले होते. सुलोचनाबाईंनी भाकरींचं फडकं सोडलं, मी माझ्या वाटच्या भाकरी त्यांच्याच पुढे सरकवल्या. सरांना मी काही सांगितलं नाही. परतीच्या गाडीत आर्वी जवळ येत गेली तशी मी मनातल्या मनात उत्तरं तयार करत गेले.

घरी पोचले तर वडील ओसरीवर बसलेले. "आलीस?" एवढंच म्हणाले.

"हो. मैत्रिणीकडं गेलती."

"हं."

जेवायला बसलो. आत्यानं विचारलं, "जामले काय झालं? पसंती सांगतली का त्याइनं?"

"मधुकररावाच्या घरी कोणी नव्हतं," वडील भात कालवत म्हणाले.

"कोणी नव्हतं? अन् नारळ?"

"नारळ देला."

"घरी कोणी नव्हतं तं नारळ कोणाले देला?"

वडील भिंतीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "हे घड्याळ एक तास पुढं आहे."

भिंतीवर लंबकाची टकटक चालली होती.

"मी अर्धाच तास केलं होतं," आत्या म्हणाली.

"काऊन?"

"तुह्यी गाडी चुकू नये म्हणून. महिनाभरापासून मागं चालून राह्यलं ते. मले समजत नाई का? म्हशी दुधाले ओरडतात अन् याच्यात पाचही वाजत नाई."

वडिलांनी मायकडे बघितलं. मायनं पदर सावरला. "मीपण अर्धाच तास केलं," ती म्हणाली. "तुम्ही वेळेवर घराबाहेर पडावं म्हणून."

वडील बोटांवर हिशेब करू लागले. अर्धा आणि अर्धा, एक तास. पण आधी ते अर्धा तास मागे होतं. म्हणजे हिशेब जुळत नव्हता, अर्धा तास कमी पडत होता. त्यांनी बोटं पुन्हा मोजली आणि माझ्याकडे बघितलं.

"मी अर्धा तास पुढं केलं," मी म्हटलं.

"अन् मागं?"

"तेही मीच."

"कवापासून?"

"दिवाळीपासून. खेळासाठी."

त्यांचा हात ताटातच राहिला. मला वाटलं, आता उठतील, आता बोलतील. ते काहीतरी आठवत होते. बंडूजी आठवले असतील, चंद्रासमोर बसलेल्या कौशल्याबाई आठवल्या असतील. शेवटी ते खाकरले.

"गल्लीत कोणाले सांगजो नको," ते म्हणाले, आणि त्यांनी ताक मागितलं.

वर्ध्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांना बघितलंच नाही असं वागलो. नववा दिवस उजाडला आणि मधुकरराव स्वतः जामहून येऊन ओसरीवर उभे राहिले.

"अण्णाजी, आम्ही सोमवारी दिवसभर वाट पाह्यली. पुरण घातलं होतं. तुम्ही आलेच नाई!"

आत्यानं कमरेवर हात ठेवून भावाकडे बघितलं. किल्ल्या वाजल्या. "तू तं म्हणत होता घरी कोणी नव्हतं?"

वडील कोंडीत सापडले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस सापडला की काय करतो, ते मी तेव्हा पाहिलं. तो एकदम मनातलं सगळंच बोलून टाकतो.

"मधुकरराव," ते ताठ बसून म्हणाले, "पोरगीले रेल्वेत नोकरी लागून राह्यली. पक्की नोकरी. आता लग्नाचं दोन-तीन वर्षं नाई."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी घाईनं मधुकररावांपुढे केला. पत्र आलेलं नव्हतं, निकाल लागलेला नव्हता, आणि मी तर फॉर्मवर सहीसुद्धा मागितली नव्हती.

"नोकरी? कशाची?" मधुकररावांनी विचारलं.

"कबड्डीची."

"कबड्डीची नोकरी?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "अण्णाजी, आमच्या हॉटेलात पहाटे चारले भजे निंघतात. आम्हाले चारले उठणारी सून पाह्यजे. कबड्डी खेळणारी काय करू?" तरी ते जेवून गेले, आणि चांगले जेवले. जाताना म्हणाले, "पाहुणचार मात्र पहिल्या नंबरचा."

त्यांची पाठ वळली तशी आत्या कडाडली. पण आश्चर्य म्हणजे, ती कबड्डीवरून भांडली नाहीच. "पक्की नोकरी लागत होती तं आधी सांगता येत नव्हतं का? चार दिवसांपासून मी मंदाबाईच्या पोराची चौकशी करून राह्यली!"

पत्र पंधरा दिवसांनी आलं. त्यात लिहिलं होतं, पालकांची संमती मिळाली आहे, अमुक तारखेला हजर व्हा. वडील पत्र घेऊन ओसरीवर गेले आणि त्यांनी ते बंडूजींना दोनदा वाचून दाखवलं.

नागपूरला हजर झाले तेव्हा तेच टेबलामागचे साहेब भेटले. हसत म्हणाले, "तुझे वडील भारी माणूस. सामना संपल्यावर सरळ माझ्यापाशी आले. म्हणाले, तो डावा कोपरा माझ्या घरचा आहे, सही कुठं करायची? सही केली, पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात दिला आणि निघून गेले. मी विचारलं, मुलीला भेटणार नाही का? तर म्हणाले, तिला माहीत नाही मी आलोय ते." आमची नजरानजर झाली होती, हे मी साहेबांना सांगितलं नाही.

नऊ वर्षांत मी पुष्कळ शिकले. पहाटे साडेचारला उठायचं, किती मिनिटं धावायचं, सामन्याआधी किती तास जेवायचं, सगळं वहीत मांडून ठेवायचं. वेळ कसा वापरायचा ते आता मला कळतं आणि मी ते मुलींना मन लावून शिकवते. पण चंद्रपूरच्या त्या मुलीनं डाव्या बाजूला लाथ टाकली नसती, किंवा वडील बाकावर झोपले नसते, तर माझं काय झालं असतं, हे कुठल्याही वहीत मांडता येत नाही. कदाचित मी जामला पहाटे चारला भजी तळत असते. कदाचित चांगलीही तळली असती. मला स्वतःच्या कौतुकात हसू येतं ते यासाठी. सगळं मी केलं असं म्हणवत नाही आणि काहीच केलं नाही असंही म्हणवत नाही. तिसरी पकड माझी होती.

ती चंद्रपूरची मुलगी, प्रमिला तिचं नाव, पुढे दुसऱ्या संघातून खेळू लागली. चौऱ्याऐंशी साली नागपुरात आमचा आणि त्यांचा सामना झाला. तो बघायला आमच्या घरचे तिघंही आले होते. आत्या पहिल्या रांगेत बसून ओरडत होती, "पाय धर तिचा, पाय!" आणि शेजारच्या अनोळखी माणसांना नियम समजावून सांगत होती, निम्मे चुकीचे. आम्ही एका गुणानं हरलो. शेवटच्या चढाईत प्रमिला माझ्याच हातातून निसटली, हे सांगायलाच हवं.

मी तोंड पाडून बाहेर आले. वडील म्हणाले, "हारली तं हारली. आधी जेव." मायनं झाडाखाली डबा उघडला. सांबारवड्या होत्या, ताज्या, कोथिंबिरीनं गच्च भरलेल्या. वास पसरला तसा प्रमिलाचा सगळा संघ गोळा झाला, जिंकलेल्या मुली, घामानं निथळणाऱ्या, उपाशी. मायनं विचारलंही नाही कोण कुठली. सगळ्यांना वाढलं. आत्या प्रत्येकीच्या दंडाला हात लावून बघत होती आणि "खात जा बाई काही," म्हणत होती.

डब्यात शेवटची एक वडी उरली. मी हात घातला. माझ्या बोटांच्या खालून ती कोणीतरी उचलली. वर बघितलं तर प्रमिला, तोंड भरलेलं, आणि चार पावलं मागेही सरकलेली.